संत्र्याच्या गारगोट्या

फळबाजारात त्या सकाळी संत्र्यांची एकच पेटी उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदम पडले. एक हात तिचा. दुसरा कोपरापर्यंत बाही दुमडलेला, पिठानं पांढरा झालेला... आणि पेटी सोडायला अजिबात तयार नसलेला.

तिनं ठणकावून सांगितलं, की आधी ती आली. त्यानं तितक्याच शांतपणे सांगितलं, की आधी नजर त्याची पडली. फळवाल्या मावशींनी दोघांना बोलू दिलं, मग विचारलं, एवढ्या संत्र्यांचं करायचंय तरी काय? तिला रस हवा होता. तो चौकातल्या बेकरीचा मालक. त्याला केकसाठी साखरेत मुरवायला साली हव्या होत्या.

मावशींनी कपाळाला हात लावला. "मग भांडता कशाला? आतलं हिला, बाहेरचं तुला. उचल आता पेटी आणि दे हिच्या घरी पोचवून."

अशी ती पेटी त्याच्या खांद्यावरून तिच्या घराच्या तळमजल्यावर आली, आणि तिच्यामागून तोही.

ती खोली म्हणजे एक ओटा, एक मोठा मिक्सर आणि रेड्यासारखा घोरणारा जुना फ्रीजर. चार वर्षं ती एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातली स्निग्धता मोजत होती. मग बाबांचं हृदय कुरकुरलं. बाबा घड्याळं दुरुस्त करणारे, शिस्तीचे; औषधं मुकाट्यानं घेत, सकाळी फिरायला जात. पण जन्मभर आइस्क्रीमवर जीव टाकलेला माणूस तो! डॉक्टरांनी साय, लोणी, अगदी नारळाचं तेलसुद्धा बंद केलं, तेव्हा आइस्क्रीमच्या दुकानावरून जाताना ते अशी मान फिरवत, की तिला बघवत नसे. म्हणून तिनं नोकरी सोडली. बाबांना चालेल असं काहीतरी गार, आंबटगोड करायचं, आणि जमलं तर बाबांसारख्या इतरांनाही विकायचं, असं तिनं ठरवलं.

दुधात संत्र्याचा रस घातला की दूध फाटणारच. म्हणून तिनं भिजवलेले काजू वाटून घेतले, त्यात सूर्यफुलाचं तेल, रस आणि गोडीला खजूर घातला, आणि लहान साच्यांत ओतून गोठवलं. पहिली वडी बाबांनी बशीवर आपटून पाहिली. बशीला टवका गेला, वडीला नाही.

"गारगोटी आहे ही," बाबा म्हणाले. "दुधाची तहान ताकावर भागवायला माझी ना नाही. पण दगडावर?"

तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. गारगोट्या.

बेकरीवाला रोज दुपारी साली न्यायला येऊ लागला. पाव विकून झालेले असत, संध्याकाळची भट्टी पेटायची असे. तो दाराशी उभा राहून "साली?" एवढंच विचारी, ती पिशवी पुढे करी... आणि तरी त्याला निघायला अर्धा तास लागे.

तिची अडचण त्याला तिसऱ्या दिवशी कळली. तेल आणि रस एकमेकांशी बोलायलाच तयार नव्हते. गोठलं की वर मऊ पांढरा थर आणि खाली नुसता बर्फ.

"तेल एकदम ओतता का?" त्यानं विचारलं.

"मग कसं ओतायचं?"

"लाजत लाजत," तो म्हणाला, आणि स्वतःच थोडा लाजला. "म्हणजे... थेंब थेंब. मिक्सर चालू ठेवून. आधी काजूशी ओळख होऊ द्यायची त्याची, मग रस."

मिक्सर तिनं धरला, तेलाची धार त्यानं. दोघांची डोकी एका भांड्यावर वाकलेली. मिश्रण हळूहळू दाट झालं, चकाकलं, फिकट पिवळ्या मखमलीसारखं चमच्यावरून घसरलं. तिनं मान वर केली तर तो मिश्रणाकडे बघतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वडी दाताखाली अलगद तुटली. बाबांनी डोळे मिटून खाल्ली. रूप आलं, म्हणाले, पण जीव नाही; आंबट आहे, गोड आहे, संत्रं कुठंय?

यावर तिनं चार रात्री डोकं खाजवलं. रस आटवला, वाढवला, लिंबू पिळलं, मोसंबी मिसळली. पोहण्याच्या तलावावरचं उपाहारगृह सांभाळणाऱ्या बाई शनिवारी चव बघणार होत्या. त्यांना तळणीऐवजी काहीतरी थंड आणि पौष्टिक हवं होतं. ते जमलं नाही तर तिला डेअरीत परतावं लागणार होतं. तिची खुर्ची तिथं महिनाअखेरपर्यंतच रिकामी राहणार होती.

शुक्रवारी तो आला तेव्हा ती ओट्याला टेकून बसली होती.

"आज साली नाहीत," ती म्हणाली. "संत्रीच सोलली नाहीत."

"माहितीय. मावशींनी सांगितलं, आज तुम्ही बाजारात आलाच नाहीत."

"मग आलात कशाला?"

त्यानं फ्रीजरमधली एक वडी तोंडात टाकली, आणि तिचं गाऱ्हाणं ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. थंडीत जीभ बहिरी होते, तो म्हणाला, तिथं नाकाला मदतीला घ्यावं लागतं. आणि संत्र्याचा वास रसात कुठे असतो? तो तर ती रोज पिशवीत भरून त्याला देत होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा! ती कितीतरी वेळ हसत राहिली. मग त्यानं धावत जाऊन बेकरीतली बारीक किसणी आणली, आणि वरचा केशरी पापुद्राच तेवढा कसा घ्यायचा, खालचा पांढरा कडू भाग कसा टाळायचा, हे तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं. दाखवून झाल्यावरही हात तिथंच राहिला... क्षणभर. जरा जास्तच क्षणभर. त्या संध्याकाळी तिनं हात धुतले नाहीत. बोटं नाकाशी नेत ती जिना चढली, आणि बाबांनी वर्तमानपत्राआडून ते पाहिलं.

शनिवारी तलावावरच्या बाईंनी एक गारगोटी चाखली. दुसरी विचार करायला म्हणून घेतली. तिसरी घेताना त्यांनी सोमवारपासून रोज दोनशे पाठवायला सांगितलं. पोहून आलेल्या दोन बायका, ओले केस पुसत, हे काय आहे म्हणून विचारून गेल्या, आणि परत आल्या त्या आणखी तिघींना घेऊन.

ती तडक बेकरीत गेली. त्यानं सगळं ऐकलं, मनापासून आनंदला, मग हात पुसून म्हणाला, की त्याच्याकडेही एक बातमी आहे. दुसऱ्या शहरात मोठं हॉटेल, मुख्य बेकरची जागा. सोमवारी उत्तर द्यायचंय.

"काय करू?" त्यानं विचारलं.

'जाऊ नका' एवढंच तिच्या ओठांवर आलं. पण ती म्हणाली, अशी संधी कुणी सोडतं का, जायलाच हवं. फार छान, फार समजूतदार आवाजात म्हणाली.

घरी येऊन तिनं बाबांना हे सांगितलं. बाबांनी भिंगातून घड्याळाचं एक चाक पाहत पाहत ऐकून घेतलं.

"अगं," ते म्हणाले, "त्यानं सल्ला नव्हता मागितला."

रविवारी सकाळी तो पीठ मळत होता. ती सरळ आत गेली.

"काल मी खोटं बोलले," ती म्हणाली. "जागा चांगली आहे, ते खरं. पण तुम्ही गेलात तर... मला करमणार नाही. तेलासाठी नाही, किसणीसाठी नाही. उगीच. तुमच्यासाठीच."

त्याचे हात पिठात थांबले.

"एवढंच ऐकायला थांबलो होतो काल," तो म्हणाला. "ही भट्टी सोडून मला कुठेच जायचं नव्हतं. पण वाटलं, तुमच्या लेखी मी साली न्यायला येणारा माणूस."

"साली नव्हत्या तेव्हाही आला होतास की."

शब्द निसटला आणि तिनं जीभ चावली. त्याचा चेहरा मात्र उजळून निघाला.

"परत म्हण," तो म्हणाला.

"आधी तू म्हण."

"मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून नाही हं... पहिल्या दिवशी तुझा रागच आला होता. दुसऱ्या दिवसापासून."

त्यानं पिठाच्या हातांनी तिचे दोन्ही हात धरले. मागे भट्टीतून काहीतरी खमंग, मग फारच खमंग, मग नुसतं करपट येऊ लागलं. बाहेर पाव घ्यायला आलेल्या एका आजींनी काउंटरवरून डोकावून विचारलं, आत काही जळतंय का.

"हो आजी, अख्खा ट्रे," त्यानं आतून इतक्या आनंदानं सांगितलं, की आजी दोन क्षण गोंधळल्या... आणि मग हसत हसत, पाव न घेताच, दार ओढून घेऊन निघून गेल्या.