हर्षददादाचं पिवळं कटर

“सुरी बघायला मागायची नाही, सुरीची स्तुती करायची,” ईशा म्हणाली. “आत्मारामकाका आपण होऊन कापून दाखवतील.”

“आणि नाही कापलं तर?” नितेशनं विचारलं. त्याच्या मांडीवर फाटक्या नायलॉन जाळ्याचा गोळा होता.

“तर कळेल सगळ्यांना, की माझा दादा भित्रा नव्हता,” सानवी म्हणाली.

तिघा मित्रांना दिवाळीची सुट्टी होती, पण सानवीच्या घरी आकाशकंदील लागला नव्हता. तिचा भाऊ हर्षद आत्मारामकाकांच्या डायव्हिंग केंद्रात पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवायचा. गेल्या वर्षी खंडेनवमीला तो पाण्याखाली कुणीतरी टाकून दिलेल्या जाळ्यात अडकला, तो जिवंत वर आलाच नाही. “पोटरीला सुरी होती, पण पोर घाबरलं,” असं काका गावभर सांगत सुटले होते. सानवीला ते वर्षभर सलत होतं. आई तर कुणाशी धड बोलतच नव्हती.

हर्षदचं स्वतःचं एक पिवळं कटर होतं. बोटभर लांब, पातं खाचेत लपलेलं. ते तो छातीच्या पट्ट्याला लावायचा. “दोन्ही हातांना सापडलं पाहिजे गो,” तो सानवीला सांगायचा. “आणि टोक नको, नाहीतर जाळ्याआधी आपलाच सूट फाटायचा.” पण खंडेनवमीला हत्यारं पुजतात, वापरत नाहीत. आईनं कटर देव्हाऱ्यात ठेवलं आणि हर्षद केंद्राची सुरी बांधून गेला.

तिघं केंद्रावर पोचली तेव्हा तिथे चार पर्यटक उभे होते. नवा गाईड रितेश पोटरीला तसलीच सुरी बांधत होता.

“काका, काय चकचकीत सुरी आहे हो,” ईशा म्हणाली. “जाळंसुद्धा कापते?”

“जाळं काय घेऊन बसलीस? दोरखंड कापते.”

नितेशनं लगेच जाळं बादलीत बुडवून पुढे धरलं. काकांनी तसलीच दुसरी सुरी उचलून एकदा घासली, दोनदा घासली. धागा नुसता सरकत राहिला. काकांच्या कपाळावर घाम आला.

“हिला धारच नाही की,” एक पर्यटक बाई म्हणाल्या.

“लोकांना लागू नये म्हणून बोथट घेतो... फोटोत बरी दिसते,” काका पुटपुटले.

“दादाच्या पायाला हीच होती ना?” सानवीनं विचारलं.

काकांनी मान खाली घातली. “हीच होती.”

सानवीनं खिशातून पिवळं कटर काढलं. सकाळी तिनं ते देव्हाऱ्यातून गुपचूप उचललं होतं. धागा खाचेत अडकवून तिनं ओढलं, आणि एका झटक्यात जाळं तुटलं. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मनात एकच आलं. हे दादाजवळ असतं तर?

ती वळली. दारात आई उभी होती. देव्हाऱ्यात कटर नाही हे बघून ती शोधत आली होती.

“आई, मी...”

“मला ठाऊक आहे बाय,” आई म्हणाली. “गेल्या वर्षीच मी याच कटरनं न्हाणीतल्या बादलीत जाळं कापून बघितलं होतं. एका झटक्यात तुटलं, आणि मीच ते देव्हाऱ्यात ठेवून घेतलं होतं.”

मग काकांनी हात जोडले. “वहिनी, हर्षद घाबरला नव्हता. मी खोटं बोललो. पोरं धीराची निघाली, त्यांनी मला बोलतं केलं.” त्यांनी रितेशच्या पायाची सुरी सोडली आणि सगळ्या बोथट सुऱ्या टोपलीत टाकल्या. “चांगली कटरं येईपर्यंत बोट सुटणार नाही.”

आईनं कटर हातात घेतलं. खाचेत कुंकू वाळून बसलं होतं. पदरानं पुसून तिनं ते रितेशच्या छातीच्या पट्ट्याला लावलं.

“खंडेनवमीलासुद्धा काढायचं नाही हो,” ती म्हणाली. “हळदकुंकू घेऊन मीच इथे येईन.”

सानवीनं आईला मिठी मारली. वर्षभर दोघी वेगवेगळ्या खोल्यांत रडत होत्या. त्या दिवशी त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.