आतून न उघडणारं दार

"जोर लाव ना," सोम्या म्हणाला.

"लावतेच आहे. हलायचं दाराने आहे, मी नाही," रामी वैतागली.

पोशेऱ्याच्या शाळेतल्या संगणक खोलीचं दार ढिम्म होतं. सुट्टीतला वर्ग संपल्यावर संगणकावर बनवत असलेला आपला खेळ पुरा करायला दोघं मागे रेंगाळली होती. सोबत रामीचा चार वर्षांचा भाऊ कान्हा. सगळा पाडा लग्नाला गेलेला. मोबाईलची रेंज डोंगरापलीकडे. वर मे महिन्यात तापलेला पत्रा.

"ताई, पानी," कान्हा म्हणाला. बाटली केव्हाच रिकामी झाली होती.

हे विजेचं कुलूप शाळेच्या कारकुनाने, धर्मेंद्रदादाने बसवलेलं. रोज किल्ली फिरवायचा त्याला कंटाळा! ठरल्या वेळी दार आपोआप बंद, शाळेच्या दिवशी आपोआप उघडं. सुट्टीतल्या वर्गापुरतं तो ते बाहेरून उघडून द्यायचा. वर दम, "त्या मशीनला हात लावायचा नाही. पोरांचं काम नाही ते."

"शाळा तर जूनमध्ये," सोम्या पुटपुटला.

कान्हाचं तोंड लालबुंद झालं होतं. दम गेला खड्ड्यात, म्हणत तिने संगणकावर कुलपाचा प्रोग्राम उघडला. शब्द इंग्रजी, पण वर्गात रोज भेटणारे. वर्ग घेणाऱ्या जयश्रीताईंनी 'जर-तर' शिकवताना मासे धरायचा बांबूचा सापळा आणला होता. मासा सहज आत शिरतो. बाहेरची वाट सापळा विणणाऱ्याने ठेवलेलीच नसते.

इथेही तेच होतं. वेळ झाली तर बंद. शाळा असेल तर उघड. आत कुणी असेल तर? ते दादाने विचारलंच नव्हतं.

तिने ओळ लिहिली : ही कळ दाबली, तर उघड. कळ दाबली. काहीच झालं नाही. कान्हा आता रडतही नव्हता. रामीने ओळ पुन्हा वाचून पाहिली.

"अगं, 'थांब' या हुकमाच्या खाली लिहिलंस तू," सोम्या म्हणाला. "मशीन तिथवर जातंय कुठं?"

रामीने ओळ वर सरकवली, कळ पुन्हा दाबली. खट्!

हापशीवर कान्हा ओंजळीने पाणी पीत राहिला. दांडा मारता मारता रामीला मात्र रडू कोसळलं.

संध्याकाळी वऱ्हाड परतलं. "मशीनला हात कोणी लावला?" धर्मेंद्र गरजला.

सरपंच जयवंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दार गावाचं, अन् उघडायची अक्कल तुझ्या एकट्याकडं? ही दोघं शिकलेली, म्हणून तिघं वाचली. शाब्बास रं पोरांनो. धर्मेंद्र, उद्यापासून तूबी वर्गात बसायचं."

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र संगणक खोलीत पोरांमध्ये सतरंजीवर बसला. रामीने आपली ओळ पुसली आणि दार लावून घेतलं.

"दादा, आता तुम्ही उघडा."

त्याने दाराकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "कुठून सुरू करू गं?"

रामीने भरलेली बाटली त्याच्यापुढे सरकवली. "पहिल्या ओळीपासून. आम्ही आहोत ना."