एपिगोनसबाबांचं पत्र

अंत्युखियाच्या विणकर आळीत, सबीनाच्या माडीवर, दर रविवारी सकाळी ख्रिस्ताची वीसेक माणसं जमत. चपला शिवणारा मारोन त्यांना एपिगोनसबाबांचं पत्र वाचून दाखवी. या मंडळीचे म्हातारे गुरू असलेले बाबा मागच्या हिवाळ्यात कैदेत वारले होते. त्यांचं हे शेवटचं पत्र मारोनला आता पाठ होतं. म्हणूनच त्या दिवशी तो मध्येच अडखळला.

"'एकमेकांवर प्रीती करा,'" तो वाचत होता, "'आणि नोन्नाने सबीनाचं पातेलं परत करावं.'"

हशा पिकला. नोन्नामावशी लसूण सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मारोन, मेल्या, सबीनाने तुला काय खाऊ घातलंय?"

मारोनने पत्र उजेडात धरलं. अक्षर बाबांचंच होतं. शाई जुनी, फिकट. घडीवर तर ही ओळ झिजलेलीसुद्धा होती.

पुढच्या रविवारी क्वार्टसने पत्र ओढून घेतलं. मंडळीत वाचता येणारा दुसरा तोच. "हा पदरचं घालतो. आज मी वाचणार." खणखणीत आवाजात त्याने सुरुवात केली आणि एका ओळीवर तो गप्पच झाला.

"काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

"अक्षर लागत नाही."

तिने पत्र मारोनकडे दिलं. त्याने वाचलं, "'क्वार्टसने उपासाच्या दिवशी माळ्यावर चढून अंजिरं खाऊ नयेत.'"

त्यानंतर मंडळी कमालीची सुधारली. पातेलं घासूनपुसून परत आलं. नवरे बायकांशी हळू बोलू लागले. या घरात काय चाललंय ते बघायला आलेले चार शेजारी बाप्तिस्मा घेऊन गेले. उद्या पत्रात कुणाचं काय निघेल या धास्तीने मारोन मात्र शनिवारी जेवेनासा झाला.

मग एके रविवारी पत्रात कुणालाच बोल नव्हता. मारोन निवांतपणे शेवटाशी आला.

'इथे माझ्याजवळ असलेली नोन्ना तुम्हा सर्वांची खुशाली विचारते.'

त्याने वर पाहिलं. मावशी समोरच बसली होती. टोपलीतला लसूण संपत आला होता.

ती ओळ त्याने गाळली.

"आज माझ्याबद्दल काहीच नाही?" मावशीने विचारलं.

"नाही, मावशी."

"बघ. म्हाताऱ्याला आता माझ्यात खोट सापडत नाही." ती खुशीत जिना उतरली.

गुरुवारी भाजीवाल्याशी हुज्जत घालता घालता ती खाली बसली, ती उठलीच नाही.

रविवारी सगळे डोळे पुसत जमले. मारोनने पत्र उलगडलं. शेवटच्या सलामाखाली एक नवी ओळ होती.

'मारोन खोटं बोलला.'

ही ओळ बाबांच्या अक्षरात नव्हती. अक्षरं मोठी, वाकडीतिकडी होती, नुकतंच लिहायला शिकलेल्या माणसाची असतात तशी.

नोन्नामावशीला जन्मभर सहीसुद्धा येत नव्हती.