कांदे कुजवले कुणी?

"मी पाणी घातलेलंच नाही. कितीदा सांगू?" ठिणगी दातओठ खात म्हणाली.

तिच्या तळहातावर बोटाच्या पेराएवढा कुजका कांदा होता. घरामागच्या उतारावर, दगडांच्या फटींत, आजोबांनी असे शोभेचे कांदे लावले होते. उन्हात त्यांना जांभळ्या फुलांचे इवले गोंडे यायचे. गावाला जाताना आजोबांनी बाग ठिणगीवर सोपवली होती आणि एकच बजावलं होतं, यांना ऊन हवं, ओल चालत नाही. आता पाती पिवळी पडून लोळत होती. काका मात्र सगळ्यांना सांगत सुटले होते, की पोरीने हौसेपायी बादल्याच्या बादल्या ओतल्या. आईलाही ते पटलं. ठिणगीला त्याचाच जास्त राग आला.

तिच्या बाजूने दोघंच होते, मामेभाऊ लंबू आणि धाकटी बहीण टिकली. तिघांनी मिळून एक दगड उलथला. वरची माती कोरडी ठणठणीत, पण खाली चिखल, आणि त्याला साबणाचा वास.

"काकांची नवी मोरी," लंबू हळूच म्हणाला.

उताराच्या माथ्यावर काकांनी कपडे धुवायला मोरी बांधली होती. ठिणगीने विचारलं तर ते खेकसले, "पाइप थेट गटारात सोडलाय. स्वतःची चूक माझ्या माथी मारू नकोस."

तिचे कान तापले, पण तिने आजोबा परतायची वाट पाहिली. आजोबा परतले त्या दिवशी तिने बादलीभर पाण्यात चित्रकलेचा निळा रंग कालवला आणि मोठ्या माणसांना दगडांपाशी उभं केलं. टिकली गटाराजवळ बसली. लंबूने वर मोरीत बादली ओतली, तिच्यामागून साधं पाणीही.

"इथे काहीच आलं नाही," टिकली ओरडली.

थोड्या वेळाने आजोबांच्या पायाजवळच्या फटीतून निळं पाणी झिरपलं.

काकांचा चेहरा उतरला. पुढे खणायचा कंटाळा म्हणून त्यांनी पाइप अर्ध्यातच सोडला होता, आणि हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आई ठिणगीकडे बघेना.

"शाबास, डोकं आहे हं पोरीला," काका हसत तिची पाठ थोपटायला आले.

ठिणगी बाजूला सरली. "शाबासकी नको. माझ्याबद्दल ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्यांना आता खरं सांगा."

"बागेला राखणदार असाच हवा," आजोबा म्हणाले. मग काकांकडे वळले. "निघ."

काका चपला घालून शेजारी निघाले. ते नीट सांगतात की नाही, हे ऐकायला ठिणगी त्यांच्या मागोमाग गेली.