कोपऱ्यातला चौकोन

यंत्रमानवाने तिसऱ्यांदा "वाचता येत नाही, पेटी परत न्या" असं सांगितलं, तेव्हा ऋजुताच्या रागाचा पारा चढला.

साल होतं २०४८. लातूरच्या अवकाश-बीज केंद्रात शाळाशाळांतून आलेल्या पेट्या स्वीकारण्याचा शेवटचा दिवस होता. त्यांतलं बियाणं चंद्रावरच्या काचघरात पेरलं जाणार होतं. सातवीतल्या ऋजुताने दोन वर्षं खपून राळ्याचं (पिवळसर, बारीक दाण्याच्या भरडधान्याचं) बी तयार केलं होतं. ते कुणाचं, कुठलं, ही सगळी माहिती पेटीवरच्या क्यूआर कोडमध्ये होती. आणि त्या कोडच्या मधोमध निळ्या पेनने काढलेला एक मासा होता. येताना बसमध्ये तिच्या धाकट्या भावाने, शौनकने, तो काढला होता.

"तुझ्या या माशाने माझी दोन वर्षं गिळली," ऋजुता त्याच्यावर कडाडली. शौनक रडायला लागला. तिला त्याची दया आली नाही.

सोबत आलेले तिचे आजोबा, अण्णा, यांनी उपग्रहांच्या कॅमेऱ्यांसाठी आज्ञावल्या (यंत्राने काय करायचं याच्या सूचना) लिहिण्यात हयात घालवली होती. त्यांनी तिला कोड नीट बघायला सांगितलं.

"आत्ता मला शिकवू नका, अण्णा. त्या यंत्राच्या डब्याला शिकवा."

"त्याचं कुठे चुकतंय ते आधी तुला कळायला हवं. मग तूच शिकव."

धुसफुसत का होईना, तिने ऐकून घेतलं. अण्णा सांगत गेले. कोड म्हणजे बारीक चौकटींची जाळी. काळी चौकट म्हणजे एक, पांढरी म्हणजे शून्य. यंत्राला एवढे दोनच आकडे कळतात आणि त्यांच्याच रांगांमधून अक्षरं बनतात. शिवाय कोडमध्ये थोडी जादा माहितीही पेरून ठेवलेली असते. तिला म्हणतात त्रुटिदुरुस्ती (काही भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून तो भरून काढायची सोय). काही कोड तर जवळजवळ तीस टक्के बिघडले तरी वाचता येतात. ऋजुताचा कोड त्याच जातीचा होता.

"मग हा एवढासा मासा..."

"त्याने काही बिघडलेलं नाही."

ऋजुताने शौनककडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. राग गेला नव्हता, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना.

अण्णांनी पुढे सांगितलं की कोडच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. कोड कुठे आहे आणि त्याची वरची बाजू कुठली, हे यंत्र त्यांच्यावरून ओळखतं. ऋजुताने मोजले. दोनच होते. तिसऱ्या कोपऱ्यावर 'तपासले' असा हिरवा कागदी शिक्का चिकटवलेला होता. तो केंद्राच्याच यंत्रमानवाने, आधी पेटी तपासणाऱ्या पहिल्या खिडकीत, लावला होता.

शिक्का ओढला तर खालचा कागदच फाटायला लागला. तिने हात आवरला. मग तिच्या लक्षात आलं की तिन्ही चौकोन अगदी सारखे असतात, म्हणजे हरवलेला चौकोन काढता येईल. तिने चौकटी मोजल्या. लांबीरुंदी सात-सात. कडेला एका चौकटीची काळी पट्टी, तिच्या आत तेवढीच पांढरी, मध्ये तीन बाय तीनचा काळा ठोकळा. पहिला कागद वाया गेला, दुसरा जमला. तिने तो शिक्क्यावर बरोबर मापाने चिकटवला.

"स्वीकृत," यंत्रमानव म्हणाला.

ऋजुता निघाली नाही. मागच्या मांडणीवर मुलं सोडून गेलेल्या एकोणीस नाकारलेल्या पेट्या होत्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यावर तोच हिरवा शिक्का होता. तिने अधिकारी बुरांडे मॅडमना गाठलं. यंत्र चुकत नाही, मुलांची छपाईच वाईट असते, असं त्यांनी सुनावलं. ऋजुताने एक-एक पेटी उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली. पाचव्या पेटीनंतर मॅडम स्वतःच एकेका पेटीचा कोपरा तपासू लागल्या.

"शौनक, चुकलं माझं," ऋजुता म्हणाली आणि त्याच्या हातात कात्री दिली. तो कागद कापत गेला, ती चौकोन काढत गेली. खिडकी तासभर जास्त उघडी राहिली आणि एकोणीसच्या एकोणीस पेट्या आत गेल्या. यापुढे शिक्का पेटीच्या मागे लावायचा, असा लेखी आदेश मॅडमनी काढला.

पण ती मुलं तर केव्हाच घरी गेली होती, चूक आपलीच समजून. मॅडमनी पहिला फोन लावला आणि पेटी चंद्रावर जाणार असल्याचं सांगितलं.

ऋजुता टेबलाशीच उभी होती. "चूक तुमची होती, तेही सांगा," ती म्हणाली.

मॅडमनी तेही सांगितलं, एकोणीस वेळा.