प्रभू, परत आलास का?

नांदेडच्या दवाखान्यातून बाबांचा फोन आला तेव्हा दिपाली अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होती. काम तसं साधंच होतं. साधनाताईच्या रक्ताचे रिपोर्ट लॅबच्या मेलवरून सरकारी आरोग्य योजनेच्या कार्यालयात पाठवायचे होते. ताईच्या हृदयाच्या ऑपरेशनची मंजुरी तेवढ्यावर अडली होती.

"सहाला ऑफिस बंद करतेत, बेटा," संपतराव म्हणाले. "आज मंजुरी निघाली तर उद्या सकाळी तिलाच आधी घेतेत. न्हाई निघाली तर पुढं कधी, ते डॉक्टर बोलंना गेलेत."

मागे ताईचा श्वास ऐकू येत होता. ओल्या फडक्यातून ओढल्यासारखा.

"फोटो पाठवू का बाबा? मोबाइलवरून?"

"फोटो घेत न्हाईत. लॅबचा पत्ता नोंदवलेला आहे, त्याच्यावरूनच पाहिजे."

हिंगोलीच्या हळद बाजारामागच्या गल्लीत त्यांचं घर. पुढच्या खोलीत संपतरावांची रक्त-लघवी तपासायची लॅब, आणि मागच्या खोलीत, टेबलाखाली, प्रभूदादाचा मेल सर्व्हर. म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. दादानं तो स्वतः जुळवला होता आणि लॅबची सगळी मेल त्यातूनच ये-जा करायची. दिपाली अकरावीत होती. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द निघत नसे, पण दादा कामाला बसला की ती त्याच्या खांद्यामागे उभी राहायची. बघून बघून तिला बरंच येऊ लागलं होतं.

पावसाळा सरता सरता दादा मित्राकडे म्हणून सिद्धेश्वरला गेला, तो घरी आलाच नाही. तिथल्या धरणाच्या काठावर त्याची मोटरसायकल सापडली. तो सापडला नाही. जळबा नावाच्या म्हाताऱ्या मासेमारानं कितीतरी दिवस जाळी टाकून पाणी धुंडाळलं. शेवटी तो घरी आला, पाणीसुद्धा न पिता दारातच उभा राहिला आणि आईला, अनुसयाबाईंना, म्हणाला, "माय, पोरगं काठाला लागत न्हाई तवर घरात कुनी 'आला' म्हनू नका. पान्यानं नेलेल्याला न बघता आला म्हनलं, की मग कुनीतरी येतंच."

तेव्हापासून आई रोज दिवेलागणीला उंबऱ्याबाहेर पाय धुवायला पाण्याचा तांब्या ठेवायची. दाराला कडी घालायची नाही. पण तो शब्द मात्र त्या घरात कुणाच्याच तोंडी आला नाही. दूधवाला आला तरी आई म्हणायची, "दूध घे गं."

दिपालीनं रिपोर्ट जोडले आणि मेल पाठवली. ती परत आली. पुन्हा पाठवली. पुन्हा परत. तिनं लॅबच्या पत्त्यावरून स्वतःच्या मोबाइलवर एक मेल टाकून पाहिली, तीही पोचली नाही. इंटरनेट चालू होतं, सर्व्हरचं नाव बरोबर होतं. मग तिनं परत आलेल्या मेलखालचा बारीक मजकूर नीट वाचला. पलीकडच्या सर्व्हरनं लिहिलं होतं की तुमच्याकडून नको असलेली मेल फार येते, म्हणून तुमचं नाव बंदीच्या यादीत आहे.

आमच्याकडून? दिवसाकाठी चार रिपोर्ट जातात आमच्याकडून.

तिनं बाहेर जाणाऱ्या मेलची रांग उघडली. पडदा भरून वाहत होता. जाणारी प्रत्येक मेल प्रभूच्या पत्त्यावरून निघत होती, आणि प्रत्येकीत एकच मजकूर होता.

'मी सिद्धेश्वरला गेलो आहे. अंधार पडायच्या आत येतो. प्रभू.'

मग तिला ते उमगलं. दादा जाताना आपोआप उत्तर जाईल अशी सोय लावून गेला होता. दिवाळीत तिनं ते उत्तर आईला वाचून दाखवलं होतं, बंद करू का विचारलं होतं. आई म्हणाली होती, "राहू दे. त्याचा शब्द हाये तो." आणि तो शब्द राहिला. जगभरातून येणाऱ्या प्रत्येक फालतू मेलला सर्व्हर रात्रंदिवस सांगत राहिला, की मी गेलो आहे, येतो.

ते बंद केल्याशिवाय बंदी उठणार नव्हती. मुख्य पासवर्ड दादाबरोबरच गेला होता. उरलं होतं ते हे उत्तर चालू-बंद करायला त्यानं स्वतः बनवलेलं छोटंसं पान. तिनं ते उघडलं. काळ्या पडद्यावर दादाच्याच थट्टेखोर भाषेत एक ओळ होती.

'प्रभू, परत आलास का?'

खाली दोन बटणं. हो. नाही.

तिनं 'नाही' दाबलं. रांग वाहतच राहिली.

फोन वाजला. "दिपू, काय करून राहिली गं? आजून मेल न्हाई म्हनतेत." बाबांचा आवाज चिरकत होता. "ताईला ऑक्सिजन लावलाय... लवकर कर, बाई."

आई दारात उभी होती. बाहेर तांब्या ठेवून नुकतीच आत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काहून जाईना?"

दिपालीनं सांगितलं. हळू, एकेक शब्द. शेवटी पडद्याकडे बोट केलं. "आई, दुसरा रस्ताच न्हाई. 'हो' म्हणावं लागतं."

आई त्या ओळीकडे बघत राहिली. वाचायला तिला वेळ लागायचा. खोलीत टेबलाखालच्या पंख्याची घरघर तेवढी होती. खिडकीतून येणारा हळदीचा उग्र वास ओसरून आता दुसराच कसलातरी वास येत होता. चिखलाचा, शेवाळाचा.

आई वळली. पुढच्या दाराशी गेली. इतक्या महिन्यांत न लावलेली कडी तिनं दोन्ही हातांनी ओढून घातली. परत येऊन दिपालीच्या मागे उभी राहिली, दादाच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून.

"जी हाये तिला तर वाचवू," ती म्हणाली. "दाब."

दिपालीनं 'हो' दाबलं.

वाहणारी रांग जागच्या जागी थांबली. तिनं घाईघाईनं बंदीच्या यादीचं पान उघडलं, कारण दूर केल्याचं लिहिलं, नाव काढायची विनंती केली. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. आई काहीतरी पुटपुटत होती, देवाचं नाव असावं. मग नाव निघालं. दिपालीनं मेल पुन्हा पाठवली. या खेपेला ती परत आली नाही.

सहाला थोडा वेळ असताना बाबांचा फोन आला. ते रडत होते. "पोचली बेटा. मंजुरी निघाली. सकाळीच घेतेत तिला."

आई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. दिपालीही हसली, रडली. तोवर बाहेर थंडीतला लवकरचा अंधार पडला होता. दिवा लावायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. पडद्याचा उजेड तेवढा खोलीत होता, आणि त्या उजेडात रिकाम्या रांगेत एक नवी मेल येऊन उभी राहिली.

प्रभूच्या पत्त्यावरून. आईच्या नावानं.

"काय हाये गं?" आईनं विचारलं.

दिपाली पडद्यापासून मागे सरकली. आई उठली, पडद्याजवळ वाकली आणि अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचू लागली.

"आई... दाराला... कडी... काहून लावली..."

ती दाराकडे निघाली. दिपालीनं तिचा हात धरला, दोन्ही हातांनी धरला, आणि दोघी तशाच अंधारात उभ्या राहिल्या.

दाराबाहेर तांब्या उचलल्याचा आवाज झाला. मग पाणी. माणूस घरी आल्यावर पाय धुतो तसं, आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर.

तांब्यात पाणी ते केवढं. पण आवाज थांबत नव्हता.