जेवणाआधी खुर्ची आत

“तेमेलू बेटाला बोट कुठून सुटते हो?”

प्रश्न आला तेव्हा ती वर्तमानपत्राच्या कचेरीत, दाराशी ठेवलेल्या ओल्या छत्र्यांत आपली छत्री शोधत होती. छत्री सापडत नव्हती, कारण ती प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात होती.

“ही तुमची का? आत शिरताना पायात आली,” तो म्हणाला. “आधी छत्री देतो. मग बोटीचं बघू.”

बाहेर भुरभुर होती. त्याच्या चष्म्यावर पाण्याचे सहा थेंब होते आणि ते पुसायची त्याला घाई नव्हती. समोरच्या चौकातल्या प्रवास कंपनीत तो तिकिटं काढून द्यायचा. गेल्या आठवड्यापासून अकरा जण तेमेलूचं तिकीट मागत होते. त्याने तीन वेळापत्रकं आणि दोन नकाशे पाहिले होते.

“बातमी तुमच्या पेपरात आली. लिहिणारे गृहस्थ भेटतील का?”

“गृहस्थ नाहीत,” ती म्हणाली. “मीच आहे.”

“अरे वा! मग सांगा.”

“सध्या...” ती म्हणाली, “हंगाम नाहीये.”

कचेरीत तिला सगळे ‘परराष्ट्रमंत्री’ म्हणत. दर गुरुवारी ती ‘शब्द दूरदेशीचा’ हे सदर लिहायची. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला एक शब्द आणि त्यामागची रीत. मंत्रीणबाई स्वतः मावशीच्या गावापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. बातम्या, प्रवासवर्णनं आणि वाचकांची पत्रं यांच्या जोरावर त्यांनी आजवर एकशे चौदा देश पालथे घातले होते, तेही त्याच खुर्चीत बसून.

एकशे पंधराव्या गुरुवारी मात्र घात झाला. इंटरनेट बंद पडलं, पान छपाईला जायला चाळीस मिनिटं उरली आणि चार इंच जागा रिकामी. तेव्हा तिने समुद्रात एक बेट वसवलं.

तेमेलू. तिथे म्हणे कुणी कुणाला ‘तू मला आवडतेस’ असं तोंडाने सांगत नाही. आपली रोजची खुर्ची उचलायची, त्या माणसाच्या दाराबाहेर ठेवायची आणि बाजूला व्हायचं. रात्रीच्या जेवणाआधी घरातल्याने खुर्ची आत घेतली, तर होकार. नाही घेतली, तर ठेवणाऱ्याने ती गुपचूप परत न्यायची आणि दोघांनीही पुन्हा विषय काढायचा नाही. या रीतीला शब्द : ओरिमा.

खोटं बोलायचं तर माणसाने बेताने बोलावं. हे फारच सोयीचं खोटं होतं.

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला.

“हंगाम सुरू झाला का?”

“नाही.”

“मग चहा तरी घेऊ.”

त्याने खिशातून जुनी पाकिटं काढली. त्यांच्या कोऱ्या बाजूंवर बारीक अक्षरात टिपणं होती. परत आलेल्या प्रवाशांना तो विचारायचा, तिकडे काय पाहिलं, तिकडचा कुठला शब्द ध्यानात राहिला.

“हा बघा. पोरोनकुसेमा. फिनलंडच्या उत्तरेकडचं अंतराचं जुनं माप. रेनडिअर लघवीला न थांबता जेवढं चालतो, तेवढं. साधारण सात-साडेसात किलोमीटर.”

“थापा मारू नका.”

“मी?” त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “मी मारत नाही.”

तिने तीन ठिकाणी पडताळून पाहिलं. खरं होतं. ते वाचून तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

“तुम्ही किती देश फिरलात?” तिने विचारलं.

“एकही नाही. मला गाडी लागते. बस, रिक्षा, बोट... लिफ्टसुद्धा. तिसऱ्या मजल्यापर्यंत ठीक असतो.”

“आणि धंदा प्रवासाचा?”

“हलवाई कुठे रोज मिठाई खातो?”

मग मंगळवार त्याचा आणि गुरुवार तिचा, असं चालू झालं. बल्गेरियात ‘हो’ म्हणायला मान आडवी हलवतात, हेही त्यानेच आणलं. सदरात छापून आल्यावर त्याने विचारलं, “अजून एक कप?” तिने मान आडवी हलवली. त्याने ओतला. तिने पुन्हा हलवली. त्याने पुन्हा ओतला. चहा टेबलावरून तिच्या मांडीवर आला, तेव्हा कुठे दोघे आपल्या देशात परतले.

इकडे गावात खुर्च्या हलू लागल्या होत्या. शिंप्याच्या दाराबाहेर एक स्टूल दिसलं. दोन दिवसांनी औषधवाल्याच्या दारात वेताची खुर्ची. दाताच्या डॉक्टरांनी तर आपली खुर्ची, तिच्या दिव्यासकट, चार माणसं लावून ग्रंथपालबाईंच्या अंगणात नेऊन ठेवली. बाईंनी ती आत घेतली. दार काढावं लागलं.

पाचव्या मंगळवारी तो आला आणि चहा नको म्हणाला. मान उभी-आडवी कशीच हलवली नाही, तोंडाने म्हणाला.

“त्या अकरा जणांत एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. रोज येतात आणि उभ्याच राहतात. बसा म्हटलं, तर म्हणतात, नको, कुणी कुणासाठी ठेवली असेल. काल सामान बांधून आल्या. म्हणाल्या, जिथे बोलावं लागत नाही तिथे मी राहीन, मला आयुष्यभर एक वाक्य बोलता आलं नाही.” त्याने चष्मा पुसला. “बेट आहे का हो?”

ती पेनाचं टोपण लावत राहिली. टोपण केव्हाच लागलं होतं.

“चाळीस मिनिटं होती,” ती म्हणाली. “आणि चार इंच.”

“अच्छा.”

“तुम्ही ओळखलं होतं?”

“पहिल्याच दिवशी. हंगाम आंब्याला असतो, बेटाला नसतो. वाटलं, तुम्ही आपणहून सांगाल.”

“मग आता त्यांना खरं सांगून टाका ना.”

“छापलंत तुम्ही, सांगू मी?” त्याने हातातली पाकिटं खिशात परत ठेवली. “जी जागा नाही तिचं तिकीट मी काढत नाही. नियम आहे आमचा.”

तिने ते छापलं तर सदर जाणार, हे उघड होतं. आणि सदर गेलं की जग गेलं. उरणार मावशीचं गाव. बुधवारी दिवसभर ती कोऱ्या कागदासमोर बसली. संध्याकाळी मुख्याध्यापिकांच्या घरी जाऊन आधी त्यांना तोंडाने सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, “हात पुढे कर,” म्हणाल्या आणि पट्टी नसल्याने नुसताच तिचा हात धरून बसल्या.

गुरुवारी सदरात चारच ओळी आल्या. ‘तेमेलू बेट नाही. ओरिमा शब्द नाही. दोन्ही मी रचले. माफ करा.’

संपादकांनी सदर बंद केलं आणि तिला हवामान दिलं. ‘आकाश ढगाळ राहील’ यात रचण्यासारखं फार नव्हतं.

मंगळवार आला. तो आला नाही. दुसरा मंगळवारही तसाच गेला. तिने दोन कप मागवले आणि दोन्ही तीच प्यायली, कारण वाया घालवणं तिला पटत नसे.

तिसऱ्या मंगळवारी ती घरी पोचली, तर दाराबाहेर खुर्ची होती. चाकांची, गोल फिरणारी, डावा हात चिकटपट्टीने बांधलेला. चौकातल्या कचेरीत खिडकीपाशी हीच खुर्ची असायची. पाठीला पाकीट चिकटवलं होतं : ‘माझ्या कचेरीपासून तुमचं दार : बरोबर अर्धा पोरोनकुसेमा. चालत आलो. थांबलो नाही.’

हे सगळं छान होतं. अडचण एकच होती. खुर्चीत तिचे बाबा बसले होते.

“बाबा, उठा.”

“अगं, काय टेकू आहे पाठीला! आपल्या घरात अशी एक वस्तू नाही.” बाबांनी पेपर उलटला. “अग्रलेख संपू दे.”

“किती राहिलाय?”

“आत्ताच धरलाय.”

आतून आत्याची हाक आली, “ताटं वाढतेय गं!” आत्याचं जेवण आठला म्हणजे आठला. आठला पाच मिनिटं कमी होती. रस्त्यापलीकडे विजेच्या खांबाखाली तो उभा होता, छत्री मिटलेली आणि वेळापत्रक उघडलेलं. वेळापत्रक उलटं धरलं होतं. आठ वाजले की तो येणार, खुर्ची गुपचूप नेणार... आणि पुन्हा विषय निघणार नाही. हे तिनेच लिहून ठेवलं होतं.

“बाबा, पाय वर घ्या.”

“का?”

“झाडायचंय.”

बाबांनी पाय वर घेतले. तिने पाठ धरली आणि ढकलली. खुर्ची किरकिरत निघाली, तीन हात गेली आणि उंबऱ्याला अडली. तिने खांदा लावला. बाबा फक्त गोल फिरले, अग्रलेखासकट.

“अहो!” ती रस्त्यापलीकडे ओरडली. “बघत काय उभे आहात? हात लावा जरा!”

“नियमात बसत नाही!” तो तिकडून ओरडला. “ठेवणाऱ्याने बाजूला व्हायचं असतं!”

“नियम मी केलाय!”

तो रस्ता ओलांडून आला. त्याने एक बाजू धरली, तिने दुसरी. तिची बोटं त्याच्या बोटांवर पडली. तिने काढली नाहीत, आणि बाबांचं वजन पाहता काढणं शक्यही नव्हतं.

“अशी जागाच नाही म्हणाला होतात ना?” ती दम खात म्हणाली.

“तेव्हा नव्हती,” तो म्हणाला. “आता... गावात बावीस खुर्च्या मोजल्या मी. बावीस घरं असलेली जागा नाही कशी म्हणू?”

“आणि मुख्याध्यापिकाबाई?”

“त्यांनी काल शाळेच्या घंटावाल्याच्या दारात बाक ठेवलं. दोघांचं.”

उचललं. बाबा उंबऱ्यावरून तरंगत आत आले. घड्याळात आठला एक मिनिट होतं.

“पुढच्या वेळी सांगून हलवा,” बाबा म्हणाले.

“किती ताटं?” आत्याने विचारलं.

“चार,” बाबा पेपराआडून म्हणाले.

“जेवणार ना?” तिने त्याला विचारलं.

त्याने मान आडवी हलवली. आत्याने बल्गेरियाचा तो अंक वाचला नव्हता, तिने चौथं ताट उचललं. भाचीने ते तिच्या हातातून घेतलं आणि होतं तिथे परत मांडलं.